कोकोच्या डब्याची मागची बाजू

बीडच्या मोंढ्यात तुरीची पोती उतरली की जाणता व्यापारी पोत्यावरची छाप पाहून भाव बोलत नाही. मूठभर दाणे काढून तो तळहातावर पसरतो, मातेरे किती ते पाहतो, एखादा दाणा दाताखाली फोडून ओल अजमावतो. त्याच व्यापाऱ्याच्या घरी नातवाच्या वाढदिवसासाठी कोको पावडर आणली जाते, ती मात्र डब्यावरच्या केकचे चित्र पाहून. मग सूर्यास्तापूर्वी कापायचा तो बिनअंड्याचा केक मध्येच बसतो, त्याला साबणासारखी चव येते आणि दोष सुनेच्या हाताला दिला जातो. पुढच्या वर्षी मुले बेकरीच्या केकचा हट्ट धरतात. त्या केकच्या पिठात आणि भांड्यात काय काय जाऊन आले, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

दोष पुष्कळदा हाताचा नसून कोकोचा असतो; नेमके सांगायचे तर कोको आणि सोडा यांच्या न जुळलेल्या जोडीचा.

बाजारात कोको पावडर दोन जातींची मिळते. साधी, म्हणजे नैसर्गिक पावडर रंगाने फिकट तपकिरी आणि चवीला किंचित आंबट असते. दुसरी क्षार लावून तिचा आंबटपणा मारलेली, रंगाने गडद. नेदरलँड्समधील व्हॅन हौटेन घराण्याने १८२८ मध्ये कोकोतील तूप दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे क्षाराची प्रक्रियाही रूढ केली. म्हणून या दुसऱ्या जातीला ‘डच’ कोको म्हणतात. डब्यावर हा शब्द नसला तरी मागच्या बाजूला घटकांच्या यादीत आम्लता नियंत्रक म्हणून आयएनएस ५०१ किंवा ५०० असे आकडे दिसले, तर पावडर क्षार लावलेली आहे असे समजावे. यांतील पहिला आकडा पोटॅशियम कार्बोनेटचा, दुसरा सोडियम कार्बोनेटचा. घटकांत केवळ ‘कोको सॉलिड्स’ असतील तर ती बहुधा साधी पावडर.

खाण्याचा सोडा आंबट पदार्थ भेटल्याशिवाय नीट फुलत नाही. साध्या कोकोत थोडी आंबटाई असते. डच कोकोत ती जवळजवळ नसते. आपल्या घरांत अंड्याऐवजी दही घालून केक करण्याची रीत आहे, तिथे आंबटाई दह्यातून मिळते, त्यामुळे दोन्ही कोको चालतात. मात्र दही न घालता कंडेन्स्ड मिल्कचा केक करताना डच कोकोबरोबर नुसता सोडा घातला, तर तो तसाच मागे उरतो आणि साबणासारखी चव येते. अशा वेळी बेकिंग पावडर वापरावी. तिच्यात आम्ल आधीच मिसळलेले असते.

काळाभोर रंग म्हणजे उंची माल, हा समज सोडून द्यावा. रंग जितका काळा तितका क्षाराचा संस्कार अधिक, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही चाखून पाहिल्यास साध्या कोकोची चव अधिक तरतरीत लागते. घरात एकच डबा ठेवायचा असेल आणि केक दह्याचा होत असेल, तर साधी पावडर घेणेच शहाणपणाचे.

पारखायची दुसरी गोष्ट म्हणजे कोकोतील तूप. कमी तुपाच्या पावडरीत ते किमान १० टक्के आणि अधिक तुपाच्या पावडरीत किमान २० टक्के असावे, असा आपल्याकडील अन्न सुरक्षा नियम आहे. बिनअंड्याच्या केकमध्ये बलकाची स्निग्धता नसल्यामुळे अधिक तुपाची पावडर त्याला मऊपणा देते. ती महाग पडते हे खरे, पण हिशेब किलोचा न करता केकचा करावा. एका केकला साधारण ३० ग्रॅम कोको लागतो. किलोमागे ४०० रुपये जास्त मोजले तरी केकमागे फरक पडतो तो १२ रुपयांचा.

ड्रिंकिंग चॉकलेट मात्र कोको नव्हे. त्यात साखर भरपूर असते, कधी दूध पावडर आणि माल्टही. केकमध्ये ते घातले तर गोडी वाढते आणि कोकोची चव हरवते.

सुट्या पिशवीतील कोको घेऊ नये. पश्चिम आफ्रिकेतील पीक बिघडल्याने २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनामागे १२,००० डॉलरच्या वर गेला होता. भाव असा चढला की स्वस्त पिशवीत साल दळून घातलेली असण्याची शक्यता वाढते, हे व्यापारी घराला वेगळे सांगायला नको. आयोडीनचा थेंब टाकून भेसळ ओळखण्याची युक्ती इथे फसवी ठरते, कारण शुद्ध कोकोतही मूळचा स्टार्च असतो. त्यापेक्षा चिमूटभर पावडर बोटांत चोळावी. ती रेशमी लागली पाहिजे, रेती किंवा भुसा लागता कामा नये. जिभेवर गोडवा आला तर त्यात साखर आहे. बंद डब्यावर हिरवी खूण आणि १४ अंकी परवाना क्रमांक पाहावा. परदेशी डबा असेल तर आयातदाराचे लेबलही.

दह्याच्या केकमुळे काही घरांत द्विदलाची शंका निघते. ‘कोको बीन’ असे नाव असले तरी ते कडधान्य नाही. झाडाच्या फळातील ते तेलयुक्त बी आहे. मात्र फळातून काढलेल्या या बिया सुकवण्यापूर्वी काही दिवस ढिगात आंबवतात, हेही माहीत असावे. ज्यांचा तसा नियम असेल त्यांनी गुरुभगवंतांना विचारून ठरवावे.

डबा घरी आल्यावर त्याची जागाही पाहावी. कोकोचे तूप ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि बीडचा वैशाख त्याच्या बराच वर जातो. ओव्हनशेजारच्या फळीवर ठेवलेली पावडर गोळे धरते, तिचा वास मंदावतो. फ्रिजमध्ये ठेवली तर बाहेर काढताना ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात, देवळीसारख्या थंड आणि अंधाऱ्या जागी ती ठेवावी. चातुर्मासात हवाच दमट असते आणि बुरशीची भीती मोठी. म्हणून आषाढाआधी मोठा डबा भरून न ठेवता लहान पाकीट आणावे, आणि ते फोडल्याची तारीख झाकणावर लिहून ठेवावी.