मधुमेही मांजर, इन्सुलिन आणि आपले काम

प्रमेहाच्या चर्चेत मार्जाराचा विषय काढावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही मांजर आता घरातील माणसाप्रमाणे दहा-बारा वर्षे जगते, आयते खाऊन स्थूल होते आणि उतारवयात त्यास मधुमेह जडतो. तृष्णा वाढणे, मूत्र अधिक होणे, खाऊनही कृश होत जाणे ही लक्षणे मालक ओळखीच्या वैद्यास सांगतो आणि विचारतो, ‘‘डॉक्टरसाहेब, इन्सुलिनच्या सुया टाळून गुळवेल, जांभूळबी असे काही देता येईल का?’’

देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पशुवैद्यकाची आपली परंपरा मोठी आहे. अश्वांसाठी शालिहोत्र, गजांसाठी पालकाप्य. त्या परंपरेनेच प्रत्येक जातीच्या प्राण्याचा स्वतंत्र विचार शिकविला. मांजराचे यकृत अनेक द्रव्यांचे पचन माणसासारखे करू शकत नाही. लहान मुलास चालणारे पॅरासिटामॉल त्याच्या जिवावर बेतते, कांदा-लसणाने त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. अशा प्राण्यास माणसाची मात्रा वजनाने भागून विजयसार किंवा मामेजवा देणे यास चिकित्सा म्हणता येत नाही. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुचिकित्सेचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकास आहे. आपली पदवी तेथे लागू पडत नाही.

एक गोष्ट मात्र व्यवसायबंधूंनी नीट ध्यानी घ्यावी. लवकर इन्सुलिन सुरू झालेल्या आणि आहार बदललेल्या काही मांजरांची साखर काही महिन्यांत आपोआप आटोक्यात राहू लागते व इन्सुलिनची गरज सुटते. त्या काळात सोबत एखादा काढा चालू असेल तर श्रेय काढ्यास मिळते, आणि पुढच्या मालकास ‘सुई बंद करा’ असा सल्ला जातो. ज्या मांजराची गरज सुटलेली नाही, ते अशा सल्ल्याने वांत्या, अन्नद्वेष व अम्लता होऊन दगावते. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या जादूटोणा-उपचारविषयक कायद्याने निषिद्ध आहेच. तोंडी जाहिरातही आपण करू नये.

आता औषधविक्रेत्यांकडे वळू, कारण आमच्या मते खरा धोका दुकानाच्या काउंटरवर आहे. मांजराची मात्रा सामान्यतः बारा तासांनी एक युनिट, क्वचित दोन, अशी सुरू होते. आपल्याकडे यू-४० च्या बाटल्या सर्रास मिळतात, तर ग्लार्जिनसारखी इन्सुलिने यू-१०० असतात. लाल टोपणाची सिरिंज यू-४० साठी, नारिंगी टोपणाची यू-१०० साठी. यू-१०० चे औषध लाल सिरिंजने दोन खुणांपर्यंत ओढले तर दोनऐवजी पाच युनिट जातात. पन्नास-साठ किलोच्या माणसास कदाचित घाम फुटून भागेल. चार किलोच्या मांजराचा जीव जाईल. उलट यू-४० चे औषध नारिंगी सिरिंजने घेतल्यास दोनऐवजी ०.८ युनिटच पोहोचते, साखर उतरत नाही आणि मालक मात्रा वाढवीत बसतो. म्हणून ‘इन्सुलिनची सुई द्या’ एवढ्यावर सिरिंज देऊ नये. बाटली पाहावी, नसल्यास चिठ्ठी पाहावी. अडीच पटींचा हिशेब गिऱ्हाइकाने मनात करावा ही अपेक्षाच चुकीची.

मात्रा घरी बदलण्याचा मोह मालकास होतो. भ्यालेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनेही चढते, त्यामुळे दवाखान्यातील एका आकड्यावरून युनिट वाढविणे घातक. सुई मांजर खाल्ल्यानंतर द्यावी; जेवलेच नाही तर पूर्ण मात्रा न देता पशुवैद्यकास विचारावे. सुई लागली की नाही अशी शंका आली तर दुसऱ्यांदा टोचू नये. एक वेळ साखर चढलेली परवडते, उतरलेली परवडत नाही. मांजर लडखडू लागले, सुस्त पडले, झटके आले तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे घट्ट पाणी चोळावे व तडक पशुवैद्यकाकडे न्यावे. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

पथ्याच्या बाबतीत मात्र आपला शब्द उपयोगी पडतो. मांजर जन्मतः मांसाहारी आहे. शाकाहारी घरांत त्यास दूध-भाकरी, बिस्किटे घातली जातात. ती खाऊन मधुमेह आटोक्यात येणे कठीण. मालकाच्या धर्मभावनेचा आदर राखूनही हे सांगावे लागते, आणि वैद्याने सांगितले तर ऐकले जाते. आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्यकास कळवावयास लावावे, कारण पिष्टमय अन्न कमी होताच इन्सुलिनची गरजही घटते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीपर्यंत जातो. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत ठेवावी, फ्रीजरमध्ये कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसावयास जसेच्या तसे दिसते, पण वापरू नये. परळच्या पशुरुग्णालयात मांजर दाखविण्यासाठी रेल्वेने मुंबईस जाणाऱ्यांनी बाटली रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, बर्फाला थेट न टेकवता, कापडात गुंडाळून न्यावी.