चेहरा तिचा, परवानगी कुणाची?

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाडी लावायची, बसने अजिंठा लेणीपर्यंत जायचं आणि उतरल्या उतरल्या फोटो सुरू. संध्याकाळपर्यंत स्टेटस फुल्ल! आता त्यात फेस स्वॅपची भर पडलीय. एआय अ‍ॅपमध्ये दोन फोटो टाकले की याचा चेहरा त्याच्या धडावर. मित्राला शाहरुख करा, स्वतःला बाजीराव करा. त्यात वाईट काहीच नाही, जोवर ज्याचा चेहरा आहे तोही हसतोय.

घोळ होतो तो चेहरा न विचारता उचलला की. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच तरुणीच्या व्हिडिओवर चिकटवला गेला. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी ज्याला पकडलं, तो होता २४ वर्षांचा इंजिनीअर, रश्मिकाचं फॅन पेज चालवणारा. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याला फॉलोअर्स वाढवायचे होते. म्हणजे वयाने, शिक्षणाने आपल्यातलाच. त्याच महिन्यात सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करतोय, असा बनावट व्हिडिओ फिरला. सचिनने स्वतः एक्सवर तो खोटा असल्याचं सांगितलं, मुंबईत गुन्हाही दाखल झाला.

सचिन बोलला की देश ऐकतो. पण फर्दापूरहून रोज एसटीने सिल्लोडला कॉलेजला जाणाऱ्या मुलीचं काय? तिचा डीपी उचलून कुणी घाणेरडा फोटो बनवला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला, तर ती खुलासा करणार कुठे? खरी मेख इथेच आहे. फोटो खोटा ठरला तरी तिचं नुकसान भरून निघत नाही. घरी पहिला प्रश्न ‘हे कुणी केलं?’ असा नसतो, ‘तू फोटो टाकलासच कशाला?’ असा असतो. आधी फोन जातो, मग कॉलेज सुटतं, मग स्थळं बघायला सुरुवात. कुणाची तरी पाच मिनिटांची मजा आणि हिची डिग्री गेली.

म्हणूनच ‘मुलींनो, डीपी काढून टाका’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. लेणी क्रमांक १ मधल्या पद्मपाणीवर फ्लॅश मारायला बंदी आहे. बंधन फोटो काढणाऱ्यावर आहे, चित्र कुणी झाकून ठेवलेलं नाही. जिवंत मुलीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलटं करतो.

आणि ‘मी कुठे बनवला, मी तर फक्त पाठवला’ हेही चालत नाही. उघड लैंगिक मजकूर प्रसारित करणाऱ्याला आयटी कायद्याच्या कलम ६७ अ खाली पहिल्याच गुन्ह्यात ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फॉरवर्ड करणं म्हणजे प्रसारित करणंच की!

असा फोटो ग्रुपवर आला तर हसणारा इमोजी नको, फॉरवर्ड तर नकोच. कुठल्या नंबरवरून, किती वाजता आला ते लिहून ठेवा. तिला विश्वासात घेऊन सांगा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार स्वतःचं नाव न देताही करता येते. आणि ग्रुपवर एक ओळ टाका, ‘फेक आहे, डिलीट कर.’ ही ओळ पहिल्या पाच मिनिटांत पडली, तर पुढचं बरंच काही वाचतं. ती लिहायची वेळ त्या मुलीवर येऊ देऊ नका. ती आपण लिहायची.