हिशेब जुळला, पण गरिबाला काय मिळाले?

गरिबी हटवण्याचे उपाय आपण दिल्लीच्या अंदाजपत्रकात शोधतो. गावातल्या भूमिहीन बाईचे नशीब मात्र त्याहून जवळच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद म्हणजे ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक, दप्तरातला ‘नमुना १’. तिच्या वस्तीवर नळ येणार, की वरच्या आळीत पुन्हा पेव्हर ब्लॉक बसणार, हे तिथे ठरते.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींना घटनेत स्थान मिळाले. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात ग्रामीण भागाचे अनुदान ग्रामपंचायतींनाच दिले. पैसा वाढला, तशी हिशेबाची निकडही वाढली. २४ एप्रिल २०२० रोजी ‘ई-ग्रामस्वराज’ सुरू झाले. आता गावाचा आराखडा, मंजूर कामे आणि खर्च संगणकावर चढतो. वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे कालपर्यंतचे ग्रामसेवक, या दोघांच्या डिजिटल सह्यांनी थेट संबंधिताच्या खात्यात जातो. मुंबईत नोकरी करणारा मुलगाही आपल्या गावाचे आकडे पाहू शकतो.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला दोन सह्यांचे मोल कळते. पण बँकेने आणखी एक गोष्ट शिकवली. जमाखर्च पैन् पै जुळला, म्हणजे पैसा लिहिल्या जागी गेला, एवढेच सिद्ध होते. ती जागा योग्य होती का, हे वही सांगत नाही.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. संगणक टक्केवारी दाखवील. पण त्या पैशातून वस्तीत गटार झाले, की समाजमंदिराला पुन्हा रंग लागला, यातला फरक त्याला उमजत नाही. तो प्रश्न ग्रामसभेतच विचारावा लागतो. आणि जिने विचारायचा, तिच्यासाठी ग्रामसभा म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी!

म्हणून मला वाटते, ग्रामसभा मजूर घरी परतल्यावर संध्याकाळी भरावी. संगणकावरचे आकडे एका पानावर, सोप्या मराठीत चावडीवर लागावेत. बचत गटातल्या एखाद्या ताईने ते मोठ्याने वाचावेत : कोणत्या वस्तीला किती, आणि काम झाले की नाही. याला फारसा खर्च येत नाही, इच्छा मात्र लागते.

वाचकहो, सुट्टीत गावी जाल तेव्हा आधी आपल्या गावाचा आराखडा पाहून घ्या. मग वस्तीवर जा आणि नळाला पाणी येते का, तेही पाहा.