पोर्तुगीज जपान : एका कल्पितेतिहासाची अट
पोर्तुगिजांनी सरंजामी जपान जिंकला असता तर, या कल्पनेवर कादंबरी रचणाऱ्याने १५१० चा गोवा उचलून जपानात नेऊन ठेवू नये. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांच्या बंदुका पोचल्या. अल्पावधीत जपानी लोहार त्या घडवू लागले आणि १५७५ मध्ये नागाशिनोच्या रणात जपान्यांनी जपान्यांवरच चालवल्या. तेव्हा केवळ शस्त्रबळाने मिळालेला विजय रंगवणे (लेखकाला सोयीचे असले तरी) उथळ ठरते. खरी फट नागासाकीत आहे. १५८० मध्ये ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती सरदाराने ते बंदर जेझुइटांच्या स्वाधीन केले. १५८७ मध्ये हिदेयोशीने धर्मोपदेशकांना देशत्यागाचा हुकूम दिला. तोवर सरदारांची दुही मिटलीच नसती तर? अशा कादंबरीचा नायक लिस्बनचा कप्तान नव्हे, हा हुकूम निघण्याच्या थोडेच आधी निवर्तलेला सुमितादा असावा.