रुग्ण समाधानी आहे, असे कोण म्हणतो?

सरकारी दवाखान्यातून घरी निघालेल्या पेशंटला विचारतात, सेवा कशी वाटली? गरीब माणूस बहुतेक वेळा सांगतो, चांगली. केंद्र सरकारने २०१६ साली 'मेरा अस्पताल' सुरू केले, तेव्हापासून हाच प्रश्न मेसेजने, फोनवरून आणि ॲपवरही विचारला जातो. उत्तरांची टक्केवारी निघते आणि दवाखान्याची पत त्यावर ठरते. आमचा आक्षेप त्या 'चांगली' या शब्दावर आहे. तो कोणाच्या तोंडून आला हे न बघताच तो मोजला जातो.

आमच्या खोपटच्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या, झाडूकाम करणाऱ्या बाया आहेत. अर्धा दिवस रांगेत गेला, खाट नाही म्हणून जमिनीवर गादी मिळाली, सलाइनच्या बाटलीपासून सगळे बाहेरून आणावे लागले, तरी त्या म्हणतात, "चांगलं बघितलं हो, हाकलून नाही दिलं." त्याच वॉर्डात एखादा पांढरपेशा दोन तास ताटकळला तर लेखी तक्रार करतो आणि नगरसेवकाला फोन लावतो. सेवा एकच, शेरे दोन! जगभरच्या पाहण्यांतही हेच दिसत आले आहे. वयस्कर आणि कमी शिकलेले लोक सढळ हाताने गुण देतात, शिकलेले हात आखडतात.

'हाकलून दिलं नाही' ही मोजपट्टी आमच्या लोकांना कोणी दिली? बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. त्याचे पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बाळंत बायको आजारी पडली होती. डॉक्टरने दोन रुपये फी घेतली, पण वस्तीत पाय ठेवायला तयार झाला नाही. बाईला बाहेर आणायला लावले. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. नाडीला हात न लावता न्यूमोनिया ठरवला. बाई दगावली. ज्या समाजाच्या आठवणीत असा डॉक्टर बसलेला आहे, त्याला आज कोणी नाडी धरून तपासले तरी उपकार वाटतात. राज्यघटनेच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्याला दान समजणाऱ्याकडून गुण घेतले तर ते भरघोसच पडणार.

अमर्त्य सेन यांनी हे आजारपणाबाबत दाखवून दिले आहे. केरळात आयुर्मान देशात सर्वांत जास्त आणि आपण आजारी आहोत असे सांगणारेही तिथेच जास्त. बिहारात आयुर्मान कमी, पण तक्रारही कमी. म्हणून बिहारी माणूस केरळीयापेक्षा ठणठणीत आहे असे कोणी शहाणा म्हणेल काय? मग समाधानाच्या टक्केवारीला मात्र आपण कसे फसतो?

आता आमच्या ठाण्याचेच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये खाडीपलीकडे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे हे स्वतःचे शहर. चौकशी समिती नेमली गेली. प्रशासनाने लगोलग रुग्णांची माहिती पुढे केली : बरेचसे पन्नाशीच्या पुढचे होते, जुनी दुखणी होती, काहींना खासगी दवाखान्यातून अखेरच्या घटकेला आणले होते. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. जिथे सगळीकडून नाकारलेले येतात तिथे मृत्यू जास्त होणारच, आणि पंचतारांकित इस्पितळाशी त्याची सरळ तुलना करणे हा अन्यायच आहे. पण मरण मोजताना रुग्णाचे वय, आजार, झालेला उशीर हे सगळे ज्यांना आठवते, त्यांना समाधान मोजताना रुग्णाचे शिक्षण, जात, खिसा आठवत नाही. हा सोयीचा विसर आहे.

अमेरिकेत रुग्णांकडून रुग्णालयांना गुण घेणारी सरकारी पाहणी आहे. निकाल जाहीर करण्याआधी रुग्णाचे वय, शिक्षण, त्याला स्वतःची तब्येत कशी वाटते, घरात तो कुठली भाषा बोलतो, हे धरून गुण जुळवले जातात. वंश मात्र त्या हिशेबात घेत नाहीत. घेतला तर काळ्या रुग्णाला मिळालेली वाईट वागणूक गणितातच पुसली जाईल. आपल्याकडे जातीचे तसेच करावे लागेल. वयाचा, शिक्षणाचा फरक जुळवून घ्या, जातीचे आकडे मात्र वेगळे छापा. अनुसूचित जाती, जमाती, भटके, मुसलमान, त्यांतल्या बाया काय म्हणतात, ते लोकांना दिसू द्या. आणि मोबाइलवर विसंबू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा फोन देशातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांकडे आहे. बाईच्या बाळंतपणाला गुण नवरा देणार, असला हा प्रकार.

प्रश्नही बदलले पाहिजेत. 'समाधानी आहात का' हे विचारणे बंद करा. डॉक्टरने हात लावून तपासले का, किती वेळाने तपासले, कोणते औषध बाहेरून आणायला सांगितले, किती पैसे गेले, कोणी अरेतुरे केले का, आडनाव विचारले का, हे विचारा. या प्रश्नांना उपकाराच्या भावनेने उत्तर देता येत नाही. विचारणारा त्या वॉर्डातला कर्मचारी नसावा, आणि पेशंट खाटेवर असताना तर मुळीच विचारू नये. संध्याकाळचे इंजेक्शन ज्याच्या हातात आहे त्याला कोण सांगणार की तुझी वागणूक वाईट होती?