जुन्या दारावरची पाटी

घर बदललें म्हणजे शहाणा मनुष्य दोन गोष्टी करतो. जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावतो, आणि टपाल कचेरींत अर्ज देऊन पत्रें नव्या घरीं वळवून घेतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलतांना मात्र हें शहाणपण आपण विसरतों.

सप्टेंबर २०२३ मध्यें आमच्या जिल्ह्याचें नांव औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें. आम्हां सोयगांवकरांच्या कुलवृत्तान्ताचें एक संकेतस्थळ आहे. त्याच्या पत्त्यांत जुनेंच नांव होतें. गेल्या वर्षीं पुतण्यानें हौसेनें नवा पत्ता घेऊन सर्व पानें तिकडे नेलीं. जुन्या दारीं पाटी ठेविली नाहीं. महिन्याभरानें अमेरिकेंतील चुलतबहिणीनें कळविलें कीं, आजोबांचें पान उघडूं जातां ‘पान सांपडत नाहीं’ एवढेंच उत्तर येतें. छापील ग्रंथांतही तोच जुना पत्ता, आणि त्या प्रती घरोघर गेलेल्या! शिवाय जुन्या नांवाची मुदत संपावयास अकराच दिवस उरले होते.

उपाय कठीण नाहीं. पानें ज्या संगणकावर असतात त्यास सर्व्हर म्हणतात. ‘हें पान मागितल्यास त्या पत्त्यावर पाठवावें’ अशी ओळ त्याच्या सूचनांत लिहावयाची. यासच रीडायरेक्ट म्हणतात. अपाची सर्व्हरवर ती ‘एचटीअ‍ॅक्सेस’ नांवाच्या फाइलींत लिहितां येते. ओळींत एक अंक असतो: ३०१ म्हणजे कायमचें स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतें. ३०१ पाहून गूगलसारखीं शोधयंत्रें नवा पत्ता नोंदून घेतात, आणि ब्राउझरही तो लक्षांत ठेवतो. त्यामुळें झालेली चूक सहज पुसली जात नाहीं. म्हणून आधीं ३०२ लावून पाहावें. सर्व नीट चाललें कीं ३०१ करावें.

तीन पथ्यें सांभाळावीं. प्रत्येक जुन्या पानास त्याचेंच नवें पान जोडावें; सर्वांस मुखपृष्ठावर सोडणें म्हणजे आजोबांस भेटावयास आलेल्या पाहुण्यास ओसरीवरच बसवून ठेवणें होय. दुसरें, एका पत्त्यानें दुसऱ्याकडे व दुसऱ्यानें पुनः पहिल्याकडे पाठवावें असें होऊं देऊं नये. ब्राउझर कांहीं फेऱ्यांनंतर हात टेकतो. तिसरें सर्वांत महत्त्वाचें: जुन्या नांवाचें वार्षिक शुल्क भरीत राहावें. ‘दोन नांवांचा खर्च कशास?’ असें पुतण्याचें म्हणणें होतें. परंतु मुदत संपून नांव सुटलें कीं तें कोणीही घेऊं शकतो, आणि आपल्या आजोबांच्या पत्त्यावर भलताच मनुष्य दुकान मांडतो. स्थलांतरानंतर निदान एक वर्ष रीडायरेक्ट ठेवावा, असें गूगल सांगतें. छापील ग्रंथ मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाचला जातो, हें आपण ध्यानांत धरावें.

पुतण्यानें शुल्क भरलें आणि दोन रात्री बसून ११२ पानांच्या ओळी लिहिल्या. सोयगांव हें नांव रोमन लिपींत दोन-तीन तऱ्हांनीं लिहितात, म्हणून तशा पानांसही पाट्या लाविल्या. तिसऱ्या दिवशीं चुलतबहिणीचा निरोप आला, “आजोबा सांपडले!”

वाचकहो, आपल्या घरीं कोणी असें संकेतस्थळ चालवीत असेल, तर त्यास आज संध्याकाळीं एवढेंच विचारावें: जुन्या दारावर पाटी आहे ना?