तपासणी धक्क्यावर आणा

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी आपल्या बापजाद्यांनी पिलं, तर म्हणे तळं बाटलं. शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केलं गेलं. जिल्हा हाच. तेव्हा कुलाबा, १९८१ पासून रायगड. आज ह्याच जिल्ह्यात एखाद्या पोराला एचआयव्ही आहे अशी नुसती कुजबुज झाली की त्याचा पाण्याचा पेला वेगळा होतो. आणि दोस्तांनो, आपल्या वस्तीतसुद्धा होतो. ज्यांनी विटाळ सोसला तेच विटाळ पाळतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

पेल्यानं, शिवल्यानं, डासानं हा विषाणू लागत नाही. लागतो तो निरोधाशिवाय ठेवलेल्या संबंधातून, दुसऱ्याला टोचलेल्या सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, उपचार नसतील तर आईकडून बाळाला. माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो. तपासल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

सरकारी केंद्रात तपासणी फुकट आहे, मान्य. औषधं २००४ पासून फुकट. २०१७ पासून निदान झालं की लगेच गोळ्या. पेशी घटायची वाट बघत बसायचं नाही. गोळ्या नेमानं घेऊन विषाणू रक्तात मोजता येईनासा झाला, की संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. एवढं सगळं हाताशी आहे. मग जीव घेतो तो उशीर.

आणि उशीर का होतो? खलाशी रात्री दर्यावर, पहाटे धक्क्यावर मासळी उतरवतोय. कातकरी बाया-बाप्ये हंगामभर वीटभट्टीवर. न्हावा-शेव्याचा ड्रायव्हर कंटेनरच्या रांगेत. केंद्र उघडं असतं तेव्हा ह्यांच्या हातात काम असतं. रोजी बुडवून दवाखान्यात जायचं, तर तिथल्या बाकावर गावातलीच माणसं बसलेली. कोण जाईल? वर साहेब म्हणणार, अडाणी लोक, पुढे येत नाहीत! अरे, तुम्ही या की पुढे.

बोटाला टोचून अर्ध्या तासात प्राथमिक तपासणी होते. त्याला इमारत लागत नाही. रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धनला बोटी लागतात त्या वेळेला धक्क्यावर गाडी आली पाहिजे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोळीवाड्यात. भट्टीवर संध्याकाळी. त्यात पॉझिटिव्ह दिसलं म्हणजे निकाल लागला असं नाही. केंद्रात पुढच्या तपासण्या होऊनच ते पक्कं होतं. तिथवरचं एस.टी.चं भाडं सरकारनं द्यावं. निगेटिव्ह आलं आणि जोखीम ताजी असेल, तर तीन महिन्यांनी परत बघायला लागतं.

पण धरून आणून टोचायचं नाही. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, नाव फोडायचं नाही, नोकरीसाठी रिपोर्टची अट नाही. बोटीवर घेताना मालक रिपोर्ट मागत असेल तर तो कायदा मोडतोय.

आणखी एक. दवाखान्यातला कचरा कोण उचलतं? आपल्याच आया-बहिणी. वापरलेली सुई टोचली तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक गोळ्या सुरू व्हाव्या लागतात, पुढे २८ दिवस घ्याव्या लागतात. कुठला कंत्राटदार हे सांगतो? म्हणून येत्या ग्रामसभेत आम्ही दोन मागण्या लेखी देतोय: गाडीचं वेळापत्रक बोटींच्या वेळेवर, आणि सफाई कामगारांना ह्या गोळ्या कुठं मिळतात त्याचा कागद दवाखान्याच्या भिंतीवर, मराठीत.